दुवा कोणाच्या खिशात?

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखत दिलेल्या जवळजवळ प्रत्येकाला लिंक्ड लिस्ट ठाऊक असते. 'ही यादी उलटी करून दाखवा' हा प्रश्न पुण्यातही विचारतात आणि सिॲटलमध्येही. फळ्यावर चौकोन काढायचे. चौकोनाच्या डाव्या भागात माहिती, उजव्या भागात पुढच्या चौकोनाकडे जाणारा बाण. नोकरी लागली की बहुतेकांचा या चौकोनांशी संबंध संपतो. पण ज्यांचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात चालतं, त्यांना तिथे एक वेगळीच लिंक्ड लिस्ट भेटते. फळ्यावर यादीच्या चौकोनात वस्तू ठेवलेली असते, इथे वस्तूच्या पोटात यादीचा दुवा ठेवलेला असतो. तिला इंट्रूझिव्ह लिस्ट म्हणतात. शब्दशः घेतलं तर घुसखोर यादी.

नाव वाईट आहे, पण काम मोठं आहे. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, ऑफिसातला विंडोजचा संगणक आणि तुमचा ईमेल साठवणारा सर्व्हर, तिन्हींच्या गाभ्यात या घुसखोर याद्या क्षणोक्षणी जोडल्या आणि तोडल्या जात असतात. त्या तिथे कशा आल्या आणि साठ वर्षांत त्यांना कुणी हटवलं का नाही, त्याची ही गोष्ट.

दवाखान्यातली रांग

संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी आधी दवाखान्याची गोष्ट. काही दवाखान्यांत कंपाउंडर वहीत नावं लिहून घेतो आणि वहीच्या क्रमाने आत सोडतो. ही फळ्यावरची यादी झाली. माणसं वेगळी, वही वेगळी. माणसाला आपण वहीत कुठे आहोत याची कल्पना नसते.

दुसऱ्या दवाखान्यात वही नसते. आत येणारा विचारतो, "शेवटचं कोण?" एक काका हात वर करतात. झालं, आपण त्या काकांच्या मागे. आपल्यानंतर एक मावशी येतात, त्या आपल्या मागे. प्रत्येकाने फक्त दोन चेहरे लक्षात ठेवायचे, पुढचा आणि मागचा. रांग कुठे लिहिलेली नसते, ती माणसांच्याच डोक्यात असते. ही घुसखोर यादी.

या दुसऱ्या पद्धतीचे फायदे बघा. वही संपली, पेन हरवलं, असं इथे होत नाही. मधूनच कुणाला घरी जायचं असेल तर तो पुढच्याला आणि मागच्याला सांगून निघतो, सगळी वही चाळत नाव शोधावं लागत नाही. शिवाय तोच माणूस त्याच वेळी शेजारच्या रक्त तपासणीच्या रांगेतही नंबर धरून असू शकतो. त्यासाठी आणखी दोन चेहरे लक्षात ठेवले की पुरे.

तोटाही याच चित्रात आहे. एखादा कुणाला न सांगता निघून गेला, तर मागचे लोक रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात. हा तोटा पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आधी वही आली

संगणकाच्या इतिहासात वहीची पद्धत आधी आली. १९५६ च्या सुमारास ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे तिघे गणिती तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम लिहीत होते. अशा प्रोग्रॅमला आपल्याला किती आणि कसल्या याद्या लागतील हे आधी माहीत नसतं. म्हणून त्यांनी मेमरीचे छोटे कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्यात एक चिन्ह आणि पुढच्या कप्प्याचा पत्ता.

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेने हीच कल्पना घोटून सुबक केली. आयबीएम ७०४ या यंत्राचा शब्द ३६ बिटांचा होता आणि त्यात १५-१५ बिटांचे दोन पत्ते मावत. एक पत्ता वस्तूचा, दुसरा पुढच्या कप्प्याचा. एका शब्दात यादीचा एक मणी. वस्तूला आपण कोणत्या यादीत आहोत याचा पत्ता नाही, त्यामुळे एकच वस्तू हव्या तितक्या याद्यांत घालता येते. किंमत अशी की सतत नवे कप्पे लागतात आणि कोणते कप्पे आता निरुपयोगी झाले हे वस्तूंकडे बघून कळत नाही. म्हणून मॅकार्थींना १९६० च्या आपल्या निबंधातच टाकाऊ कप्पे गोळा करण्याची पद्धतही सांगावी लागली. प्रोग्रॅम मध्येच थांबतो, झाडलोट होते, मग पुढे चालू. प्रमेयं सिद्ध करणाऱ्याला हे चालतं.

कोंबडी आणि पिल्लं

समोर बसलेल्या माणसाला ते चालत नाही. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम पीएचडीसाठी सादर केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनने रेघा काढायच्या, टोकं जोडायची, चुकलं की पुसायचं. आज आपण बोटाने जे करतो त्याची ही सुरुवात.

आता एक बिंदू आणि त्याला येऊन मिळणाऱ्या पाच रेघा घ्या. बिंदू सरकवला तर पाचही रेघा हलल्या पाहिजेत. बिंदू पुसला तर पाचही गेल्या पाहिजेत. त्यातली एकच रेघ पुसली तर बिंदूच्या हिशोबातून तेवढीच वजा झाली पाहिजे. आणि हे सगळं पेन हलतं त्या वेगाने. रेघ पुसताना तिचं नाव कोणकोणत्या वह्यांत आहे ते शोधत बसायला वेळ नाही.

सदरलँड यांनी दुवे वस्तूच्याच मेमरीत ठेवले. बिंदूच्या पोटात एक जागा, तिला त्यांनी नाव दिलं 'हेन', कोंबडी. प्रत्येक रेघेच्या पोटात टोकांसाठी जागा, त्या 'चिकन', पिल्लं. कोंबडी आणि तिची सगळी पिल्लं मिळून एक कडं होतं. प्रत्येकाला पुढचा आणि मागचा ठाऊक, शेवटचा पुन्हा पहिल्याला जोडलेला. कोणतंही पिल्लू उचला, त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचे हात एकमेकांच्या हातात द्या, काम संपलं. कडं दहा पिल्लांचं असो की हजाराचं, श्रम तेवढेच. रेघेला दोन टोकं असतात, म्हणून ती एकाच वेळी दोन कोंबड्यांच्या कड्यात असते.

सदरलँड यांना १९८८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो संगणक चित्रकलेच्या पायाभरणीसाठी. पण स्केचपॅडच्या आतली ही कडी पाहिली की आजच्या कर्नेलमध्ये काम करणारा माणूस ती लगेच ओळखेल.

पंधरा बफरांचा संसार

घुसखोर यादीचा माझा सगळ्यात आवडता नमुना मात्र १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आहे. तिचं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुमारे ९,००० ओळींचं होतं. ते पीडीपी-११ यंत्रावर चाले. १६ बिटांचे पत्ते, म्हणजे एका वेळी नजरेच्या टप्प्यात फक्त ६४ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा एक फोटोही त्यात मावणार नाही.

डिस्क संथ असते, म्हणून डिस्कवरून वाचलेला मजकूर काही काळ मेमरीत ठेवतात. त्यासाठी बफर. सहाव्या आवृत्तीत असे बफर होते १५, प्रत्येकी ५१२ बाइटचे. हा आकडा कर्नेल तयार करतानाच ठरे. ऐन वेळी एखादा जास्तीचा बफर किंवा यादीसाठी एखादा जास्तीचा कप्पा मागून घ्यायची सोयच नव्हती. हंडाभर पाण्यात घर चालवण्यातला प्रकार.

या प्रत्येक बफरच्या मथळ्यात चार पॉइंटर होते. पहिली जोडी सांगे की हा बफर कोणत्या यंत्राच्या साखळीत आहे. कुणी डिस्कवरचा अमुक भाग मागितला तर त्या डिस्कच्या साखळीत शोधायचं, सापडला तर डिस्ककडे जायला नको. दुसरी जोडी मोकळ्या बफरांच्या साखळीसाठी. काम संपलेला बफर तिच्या शेपटीला लागे आणि नवा मजकूर आणायचा असेल तेव्हा बफर तिच्या तोंडाकडून घेतला जाई. म्हणजे सगळ्यात जास्त काळ कुणी न विचारलेला बफर आपोआप आधी बळी जाई. वेगळी नोंद नाही, घड्याळ नाही, रांगेतली जागा हीच नोंद.

गंमत अशी की मोकळा झालेला बफर यंत्राच्या साखळीतून निघत नसे. तो एकाच वेळी दोन्ही साखळ्यांत असे. तेवढ्यात कुणी तोच मजकूर पुन्हा मागितला तर तो यंत्राच्या साखळीतून सापडे आणि मोकळ्यांच्या साखळीतून अलगद बाहेर काढला जाई, ती साखळी चाळावी न लागता. दोन वह्या ठेवल्या असत्या तर एका वहीत सापडलेलं नाव दुसऱ्या वहीत शोधायला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

काटकसरीची आणखी एक पायरी होती. बफर डिस्कच्या कामाच्या रांगेत उभा असतो तेव्हा तो मोकळा नसतो. मग मोकळ्यांच्या साखळीसाठी ठेवलेली जागा तेव्हा रिकामीच. युनिक्सकारांनी तीच जागा कामाच्या रांगेचा दुवा म्हणून वापरली.

ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये याच सहाव्या आवृत्तीवर ओळीगणिक भाष्य लिहिलं. ते उघडपणे छापायला बरीच वर्षं परवानगी नव्हती, म्हणून त्याच्या फोटोकॉपींच्या फोटोकॉपी जगभर फिरल्या. पुढे १९८६ मध्ये मॉरिस बाख यांचं युनिक्सच्या रचनेवरचं पुस्तक आलं. भारतात संगणक शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ते असेल. त्यातल्या बफरांच्या आकृत्यांत आडव्या-उभ्या बाणांचं जे जाळं दिसतं, त्याचं मूळ या चार पॉइंटरांत आहे.

यंत्रानेच शिकून घेतलं

१९७७ मध्ये डिजिटल कंपनीने व्हॅक्स हे यंत्र जाहीर केलं. त्याच्या प्रोसेसरला बेरीज-वजाबाकीच्या जोडीने आणखी दोन आज्ञा येत होत्या, 'इन्स्क' आणि 'रेम्क'. म्हणजे साखळीत घाल आणि साखळीतून काढ. वस्तूच्या पोटातल्या दोन पॉइंटरांचा पत्ता द्यायचा, बाकीचं यंत्र करणार. ज्या नावांच्या या आज्ञा होत्या त्याच नावांची फंक्शनं युनिक्समध्ये आली आणि व्हॅक्स अडगळीत गेल्यावरही ती प्रमाणित ग्रंथालयात राहिली.

व्हॅक्सच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमचे एक प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये विंडोज एनटी बाहेर आली. तिच्या कर्नेलमध्ये जागोजागी 'लिस्ट एंट्री' नावाचे दोन पॉइंटरांचे जोड आहेत, 'फ्लिंक' आणि 'ब्लिंक', पुढचा आणि मागचा. आजच्या विंडोजमध्येही ते आहेत.

मात्र एक अडचण होती. साखळीतून चालताना हाताला लागतो तो वस्तूच्या पोटातल्या दुव्याचा पत्ता, वस्तूचा नव्हे. दुवा वस्तूच्या अगदी सुरुवातीला ठेवला तर दोन्ही पत्ते एकच. पण वस्तू तीन साखळ्यांत असेल तर तिन्ही दुवे पहिल्या जागी कसे बसणार?

उत्तर शिंप्याचं आहे. सदऱ्याच्या कॉलरपासून खिसा किती अंगुळांवर शिवलाय हे शिंप्याला पक्कं ठाऊक असतं. अंधारात खिसा हाताला लागला तर तेवढी अंगुळं वर गेल्यावर कॉलर सापडते. कंपायलर हा असाच शिंपी. वस्तूच्या सुरुवातीपासून दुवा किती बाइटवर आहे हे त्याला माहीत असतं आणि १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाणात ते अंतर विचारण्याची रीतही आली. दुव्याच्या पत्त्यातून ते अंतर वजा केलं की वस्तू सापडली. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये या वजाबाकीची नावं वेगळी आहेत, हिशोब तोच.

लिनक्सने याचा कळस केला. तिथे एकच 'लिस्ट हेड' आहे, दोन पॉइंटर, ६४ बिटांच्या यंत्रावर १६ बाइट. जोडणं-तोडणं एकदाच लिहिलं आणि ते फाइलींना, प्रक्रियांना, नेटवर्कला, सगळ्यांना पुरलं. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची कर्नेलमध्ये जी नोंद असते तिच्यात 'चिल्ड्रेन' आणि 'सिब्लिंग' असे दोन दुवे आहेत. पहिला स्वतःच्या मुलांच्या कड्याचा, दुसरा भावंडांमधल्या स्वतःच्या जागेचा. कोंबडी आणि पिल्लं, नावं तेवढी बदलली.

न सांगता गेलेला

इथपर्यंत सगळी बचतीची कहाणी झाली. 'घुसखोर' हे नाव या पद्धतीकडे दुसऱ्या बाजूने बघणाऱ्यांच्या तोंडी शोभतं. वस्तूने आपलं काम करावं, ती कोणत्या यादीत आहे याच्याशी तिला काय देणंघेणं, असं त्यांचं म्हणणं. सी++ च्या प्रमाणित ग्रंथालयातली यादी याच मताची, तिचे कप्पे वेगळे असतात. तरी गरज संपली नाही, आणि २००८ मध्ये बूस्ट या प्रसिद्ध सी++ संग्रहात इंट्रूझिव्ह याद्यांचा स्वतंत्र विभाग आलाच.

त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. वहीच्या पद्धतीत वही आणि माणूस यांची आयुष्यं वेगळी असतात. घुसखोर यादीत वस्तू नष्ट झाली की तिच्या पोटातला दुवाही नष्ट होतो, पण शेजाऱ्यांच्या खिशात तिचा पत्ता तसाच राहतो. शेजारी त्या पत्त्यावर विश्वासाने लिहीत राहतात.

अँड्रॉइडमध्ये हेच घडलं. तिथे ॲप एकमेकांशी बोलतात ते 'बाइंडर' नावाच्या यंत्रणेतून. बाइंडर वापरणाऱ्या प्रत्येक थ्रेडची कर्नेलमध्ये एक नोंद असते आणि त्या नोंदीच्या पोटात वाट पाहणाऱ्यांच्या साखळीचं डोकं. कर्नेलचा दुसरा एक भाग, ईपोल, आपला दुवा त्या साखळीत अडकवून ठेवी. थ्रेडने 'मी चाललो' म्हटलं की बाइंडर त्याची नोंद पुसून मेमरी परत करी, पण ईपोलला कुणी कळवत नसे. पुढे ईपोल आवरायला घेई तेव्हा तो शिस्तीत आपल्या शेजाऱ्याचे हात जुळवायला जाई. शेजारी केव्हाच गेलेला. त्या जागी आता दुसऱ्याच कुणाचा मजकूर असू शके आणि त्यावर कर्नेलच्या आतला एक पत्ता लिहिला जाई. हल्लेखोराला फोनचा पूर्ण ताबा मिळवायला एवढी फट पुरेशी होती.

ही चूक २०१७ च्या नोव्हेंबरात आपोआप चुका शोधणाऱ्या एका प्रोग्रॅमला सापडली. २०१८ च्या फेब्रुवारीत लिनक्समध्ये दुरुस्तही झाली. पण ती सुरक्षेची बाब म्हणून नोंदली गेली नाही, आणि पिक्सेल २ सारख्या अनेक फोनांपर्यंत दुरुस्ती पोचलीच नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने जाहीर केलं की हीच फट वापरून प्रत्यक्ष हल्ले होत असल्याचे पुरावे आहेत. दुरुस्ती काय होती? थ्रेड जाण्याआधी वाट पाहणाऱ्यांना कळवायचं आणि साखळीतून मोकळं करायचं. म्हणजे रांग सोडताना पुढच्या-मागच्याला सांगून जायचं, बस.

वजाबाकीच्या युक्तीतही एक खाच निघाली. साखळी एका कड्यात असते आणि कड्याच्या डोक्याला दुवा असतो, पण वस्तू नसते. खिसा आहे, सदरा नाही. संपूर्ण कडं फिरून डोक्याशी पोचल्यावरही कुणी ठरलेली अंगुळं मोजून वर गेलं तर हाताला कॉलर लागत नाही, भलतंच काहीतरी लागतं. फिरतीसाठी वापरलेला पॉइंटर फिरती संपल्यावरही जिवंत राहतो म्हणून हे व्हायचं. तो फिरतीच्या आतच जन्मावा आणि तिथेच संपावा, हे लिनक्स तोवर ज्या जुन्या सी भाषेत लिहिलं जाई तिच्यात जमत नव्हतं. २०२२ मध्ये या चर्चेतून लिनक्सने १९८९ चं प्रमाण सोडून २०११ चं स्वीकारलं. पाच-सहा अक्षरांच्या एका पर्यायाचा बदल, पण त्यामागे कारण होतं लिंक्ड लिस्ट.

मग टाकून का देत नाहीत?

मेमरी आता स्वस्त आहे. पंधरा बफरांचे दिवस गेले. तरी घुसखोर यादी का टिकली?

कारण मेमरीची टंचाई हे अर्धंच कारण होतं. खरी गोष्ट खात्रीची आहे. कर्नेलला काही कामं अशा वेळी करावी लागतात जेव्हा 'जमलं नाही' म्हणायची मुभा नसते. मेमरी भरली म्हणून काही भाग डिस्कवर लिहून मोकळा करायचा आहे आणि लिहिण्याच्या रांगेत उभं राहायला मेमरीचा नवा कप्पा लागतो म्हटलं, तर विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीतच पडलाय अशी गत. दुवा वस्तूच्या पोटात आधीच असेल तर वस्तू जन्मली तेव्हाच तिच्या रांगेतल्या जागेची सोय झाली. रांगेत घालणं आणि काढणं ही कामं मग अपयशी होऊच शकत नाहीत.

आता रस्ट ही भाषा लिनक्समध्ये शिरली आहे, २०२२ च्या अखेरीस आलेल्या ६.१ आवृत्तीपासून. रस्टचा आग्रह असा की प्रत्येक वस्तूचा एकच मालक असावा आणि वस्तू संपल्यावर तिचा पत्ता कुणाच्या खिशात राहू नये. बाइंडरसारख्या चुका यातून थांबतात. पण ज्या यादीत प्रत्येकाचा पत्ता दोन शेजाऱ्यांकडे असतो, तिला ही भाषा सहजासहजी मान्यता देत नाही. वस्तू मेमरीत जागेवरून हलणार नाही अशी हमी द्यावी लागते आणि जोडणी-तोडणीचा गाभा 'असुरक्षित' असा शिक्का मारूनच लिहावा लागतो. गाभा लहान, डोळ्यांत तेल घालून तपासलेला, आणि त्याभोवती कंपायलरचं कुंपण, अशी तडजोड सध्या चालू आहे.

सी मध्ये लिहिणाऱ्यांनी आपली तडजोड आधीच केली आहे. लिनक्समध्ये साखळीतून वस्तू काढली की तिच्या दोन्ही पॉइंटरांत मुद्दाम विषारी पत्ते भरतात, जिथे वैध मेमरी कधीच नसते. काढलेल्या वस्तूच्या दुव्यावरून कुणी पुढे जाऊ पाहिलं, तर ते तिथेच आणि त्याच क्षणी आपटतं. लपून राहिलेल्या चुकीपेक्षा उघड्यावर झालेला अपघात बरा, हा त्यामागचा हिशोब.